विश्लेषण : वाहिन्या आहेत, मग वीज अडते कुठे?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिनीचे एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद होते. भार वाहणारे दुसरेही बंद पडले. राज्यात विजेचा तुटवडा नव्हता. ती शहरात आणायची वाटच अपुरी पडली.

पूर्ण क्षमता का वापरत नाहीत?

समजा, एका शहराला प्रत्येकी १००० मेगावॅटच्या दोन वाहिन्या आहेत. तरी दोन्ही मिळून १००० मेगावॅटच पाठवायचे, असा दंडक आहे. कारण एक बंद पडली की तिचा भार क्षणात दुसरीवर येतो. ती आधीच भरलेली असेल तर तीही जाते, मग तिसरी. ३० जुलै २०१२च्या पहाटे बीना-ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली आणि उत्तरेचे ग्रिड असेच कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य ग्रिडही त्यात ओढले गेले. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात अंधार झाला.

या सावधगिरीचे बिल कोण भरतो?

अर्थातच ग्राहक. वाहिनीच्या एका टोकाला स्वस्त वीज अडकते, दुसऱ्या टोकाला महागडे संच चालवावे लागतात. रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड ३१ डिसेंबर २०१३ रोजी देशाशी जोडले गेले. त्यानंतरही वाहिन्या अपुऱ्या असल्याने दक्षिणेतील राज्यांना बाजारात चढ्या दराने वीज घ्यावी लागत होती. आज राजस्थानात भर दुपारी वाहिन्या तुडुंब असल्याने तयार होऊ शकणारी सौर वीज सोडून द्यावी लागते.

नवी वाहिनी हाच उपाय आहे का?

नाही, आणि जमीन व वनखात्याच्या परवानग्या पाहता तो झटपट उपायही नाही. वाहिनीची क्षमता बहुधा कडक उन्हाळा गृहीत धरून ठरवतात; तार तापली की लोंबते आणि जमिनीच्या धोकादायक जवळ येते. वारा सुटलेल्या थंड दिवशी तीच तार अधिक भार पेलते. तापमान मोजून रोजची क्षमता ठरवता येते. दुसरे, साध्या वाहिन्यांत वीज आपली वाट आपणच धरते, त्यामुळे एक भरते तर शेजारची अर्धी रिकामी राहते. चंद्रपूर-पडघा ही १५०० मेगावॅटची एचव्हीडीसी वाहिनी याला अपवाद. तिच्यातून किती वीज सोडायची, हे नियंत्रण कक्ष ठरवतो. तिसरे, वाहिनी बंद पडताच ठरावीक संच किंवा ठरावीक भार आपोआप तोडणारी यंत्रणा बसवली, तर त्या दोन वाहिन्यांतून हजाराहून अधिक मेगावॅट नेता येतात.

मग जोखीम कुठे?

याच तिसऱ्या उपायात. मुंबईला ग्रिडपासून अलग करून वाचवणारी ‘आयलंडिंग’ यंत्रणा २०२० मध्येही होती. ऐन वेळी तिने शहराला तारले नाही. कागदावरची स्वयंचलित यंत्रणा खरी मानून वाहिन्या काठोकाठ भरणे म्हणजे बचतीच्या नावाखाली जुगार. शिवाय पारेषण कंपनीला परतावा मिळतो तो भांडवली खर्चावर. नवी वाहिनी बांधली की उत्पन्न वाढते, जुनीतून जास्त काम काढले तर फारसे काही हाती लागत नाही. हे नियम बदलायला हवेत. आणि त्या यंत्रणांच्या प्रत्यक्ष चाचण्यांचे निकाल, फसलेल्यांसह, दरवाढीच्या प्रस्तावाबरोबरच वीज नियामक आयोगापुढे आणि ग्राहकांपुढे ठेवले गेले पाहिजेत.