घर आणि हिशेब : पाहुण्यांच्या खोलीचें मोल

कोंकणांतील वडिलार्जित घर सांभाळावें कसें, हा प्रश्न आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांपुढें आहे. घर मोठें, आवार मोठें. पण राहणारीं माणसें दोन किंवा चार. बाकीचे भाऊ पुण्या-मुंबईस, पुढची पिढी त्याहूनही लांब. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं कौलें परतावीं लागतात, वाळवी पाहावी लागते, विहिरीवरचा पंप दुरुस्त करावा लागतो; आणि गणपतीचे दिवस सोडले तर माडीवरच्या खोल्यांचीं कुलुपें निघत नाहींत. अशा वेळीं दोन-तीन खोल्या नीटनेटक्या करून प्रवाशांना द्याव्या, सकाळीं न्याहारी घालावी आणि येणाऱ्या पैशांतून घर उभें ठेवावें, हा विचार दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर अशा कित्येक गांवीं प्रत्यक्षांत उतरला आहे. विचार चांगलाच आहे. मात्र गाद्या आल्या, पाटी लागली, कीं पहिला अवघड प्रश्न उभा राहतो : भाडें किती सांगावें? बहुतेक घरांत याचें उत्तर शेजाऱ्याकडे पाहून किंवा संकोचानें दिलें जातें, हिशेबानें क्वचितच. म्हणून या वेळीं त्या हिशेबाचाच विचार करूं.

प्रथम संकोचाचें पाहूं. ‘आपल्या घरीं जेवलेल्या माणसाकडून पैसे कसे घ्यावयाचे?’ असें वडीलधारीं माणसें विचारतात, आणि त्या विचारण्यामागें मोठा संस्कार आहे. परंतु अतिथि या शब्दाची परंपरेनें सांगितली जाणारी व्युत्पत्ति लक्षांत घ्यावी : ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. अवेळीं दारीं आलेल्या वाटसरूस आपण पाणी विचारतों, पान वाढतों. त्याचें मोल घेत नाहीं व घेऊंही नये. पण जो महिनाभर आधीं तारीख ठरवितो, खोलीचें छायाचित्र मागवितो, ऊन पाण्याची चौकशी करतो आणि चार घरांचे दर ताडून पाहतो, त्याची तिथि तर पक्कीच असते. तो सभ्य गृहस्थ असतो, आदरास पात्र असतो. पण तो व्यवहार करावयास आलेला असतो, आणि त्यालाही कोणाचा उपकार नको असतो. त्याच्याशीं व्यवहार चोख ठेवणें हाच त्याचा आदर होय.

सरकारी परिभाषेंत या व्यवसायाला ‘निवास व न्याहारी’ असें नांव आहे. महाराष्ट्र राज्याची या नांवाची योजना आहे, आणि केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाचीही आहे. केंद्राच्या योजनेंत खोल्या १ ते ६ आणि खाटा फार तर १२ अशी मर्यादा असून मालकानें त्याच घरांत राहिलें पाहिजे अशी अट आहे. ही अट मार्मिक आहे. प्रवासी येथें येतो तो केवळ चार भिंती व एक खाट यांसाठीं नव्हे. घरांतलीं माणसें, घरचें अन्न आणि घरची निगा यांसाठीं येतो. मग जी वस्तु आपण विकतों तिचेंच मोल हिशेबांत धरलें नाहीं, तर तो हिशेब कसला?

आतां एक नमुन्याचा हिशेब मांडूं. आंकडे आम्हीं सोयीसाठीं कल्पिलेले आहेत. प्रत्येकानें ते आपल्या घरचे घालावे. समजा, खोल्या ३ आहेत. पावसाळ्याचे महिने जवळजवळ रिकामे, गणपतींत आपलींच माणसें येणार, आणि एरवींही आठवड्याच्या मधल्या दिवसांत फारसें कोणी फिरकत नाहीं. म्हणून प्रत्येक खोली वर्षांतून ९० रात्री लागेल असें धरूं. तिन्ही मिळून २७० रात्री झाल्या. जो नवखा मनुष्य वर्षाच्या खर्चाला ३६५ नें भागतो, तो पहिल्याच वर्षीं तोंडघशीं पडतो.

खोली लागो वा न लागो, कांहीं खर्च व्हावयाचाच : डागडुजी, रंग, कौलें, गाद्या-चादरींची झीज, पंप, जाहिरात, घरपट्टीचा त्या खोल्यांपुरता वाटा. हा वर्षास १,०८,००० रुपये धरला, तर एका खोलीच्या एका रात्रीमागें ४०० रुपये पडतात. दुसरा खर्च खोली लागली तरच होतो : दोन माणसांची न्याहारी व दोन वेळचा चहा १८० रुपये, धुलाई ८०, वीज व ऊन पाणी ९०, साबण वगैरे किरकोळ ३०, एकूण ३८०. झाडलोटीस बाहेरची बाई येते, तिचे १२०. सर्व मिळून ९०० झाले. बहुतेक घरांत वही येथेंच मिटते. ‘९०० पडतात, १,००० सांगूं, १०० सुटले,’ असें म्हणून दर ठरतो आणि सर्वांना समाधान वाटतें.

पण या वहींत एक रकाना कोराच राहिला आहे. पहाटे उठून घावन कोणीं घातले? नारळ कोणीं खवला? रात्रीं अकरा वाजतां पोहोंचणाऱ्या कुटुंबासाठीं दिवा लावून कोण बसलें? फोनवर त्याच त्या प्रश्नांचीं उत्तरें दिवसभर कोणीं दिलीं? हें सर्व घरांतल्याच कोणी तरी केलेलें असतें, आणि तें कोणी तरी म्हणजे बहुधा सूनबाई किंवा वहिनी असते. एका खोलीमागें घरच्या माणसांचे रोज ३ तास जातात असें धरा, आणि तासाला १०० रुपये. हे ३०० मिळविले म्हणजे खरा खर्च १,२०० होतो. याचा अर्थ असा, कीं १,००० रुपये भाडें सांगून १०० रुपये सुटले असें मानणाऱ्या घरानें तीन तासांच्या श्रमांचे १०० रुपये धरले. आणि तेही त्या बाईच्या हातीं पडले नाहींत. झाडलोटीच्या बाईला ठरलेले १२० मिळाले, ते योग्यच झालें. पण घरची सून तिच्याहूनही स्वस्त ठरली.

स्वतःच्या खिशांतून सोडलेल्या पैशाला औदार्य म्हणतात. दुसऱ्याच्या कष्टांतून दिलेल्या सवलतीला तें नांव शोभत नाहीं. भाडें कमी सांगून ‘आम्ही कांहीं धंदा करीत नाहीं’ असें ओटीवर बसून म्हणणें सोपें आहे. त्याची किंमत स्वयंपाकघरांत मोजली जाते.

या १,२०० वर चौथा हिस्सा, म्हणजे ३०० रुपये, वर ठेवावे. घराचीं मोठीं कामें, वाईट वर्ष आणि नफा या तिघांसाठीं मिळून ही रक्कम आहे. अशा रीतीनें सरासरी भाडें १,५०० रुपये ठरतें. रात्री कमी भरल्या तर मात्र हिशेब बदलतो. प्रत्येक खोली ९० ऐवजीं ६०च रात्री लागली, तर स्थिर खर्च ४०० वरून ६०० वर जातो आणि खरा खर्च १,४०० होतो. उलट १२० रात्री भरल्या तर तो १,१०० वर उतरतो. म्हणून पहिलीं दोन वर्षें किती रात्री भरल्या याची नोंद नीट ठेवावी, आणि मगच दर कायम करावा.

सरासरी भाडें १,५०० म्हणजे रोज तेंच सांगावें असें नाहीं. समजा, ९० रात्रींपैकीं ३० मधल्या वारीं १,२०० प्रमाणें, ४० शनिवार-रविवारीं १,५०० प्रमाणें, आणि २० नाताळच्या व मे महिन्याच्या सुट्टींत १,९५० प्रमाणें गेल्या. एका खोलीचे १,३५,००० रुपये झाले, आणि सरासरी बरोबर १,५०० आली. गर्दींत दर वाढविणें म्हणजे अडवणूक, असें कित्येकांना वाटतें. पण तो वाढीव दर आधीं लिहून ठेवला आणि सर्वांना सारखाच सांगितला, तर त्यांत अडवणूक नाहीं. माणूस दारांत उभा राहिल्यावर त्याचे कपडे व गाडी पाहून आंकडा बदलणें, ही मात्र अडवणूक होय. जेवणाचें भाडें खोलींत मिसळूं नये. तें माणशीं वेगळें सांगावें. उकडीचे मोदक हवे असतील तर तेंही आदल्या दिवशीं व वेगळ्या दरानें. न्याहारींत काय, चहा किती वेळां, लहान मुलाचें किती, जादा गादीचें किती, हें पाहुणा निघण्यापूर्वीं त्याला कळलेलें असावें. निघतांना घासाघीस झाली कीं दोन दिवसांची गोडी जाते.

खालची मर्यादा कोणती, हेंही ठरवून ठेवावें. मधल्या वारीं फोन येतो : ‘खोली तर रिकामीच आहे ना? मग ७०० ला द्या.’ रिकाम्या खोलीचा स्थिर खर्च टळत नाहीं, हें खरें. म्हणून तेवढ्यापुरता तो बाजूस ठेवला तरी चालतो. पण ३८०, १२० आणि घरच्या श्रमांचे ३०० मिळून ८०० रुपये उरतातच. त्या खालीं गेल्यास खोली रिकामी ठेवलेली बरी. कारण ७०० घेतले तर ५०० बाहेर जातात, तीन तासांच्या श्रमांपोटीं २०० उरतात, आणि कौलांसाठीं कांहींच नाहीं. श्रमांचा रकाना कोरा असणाऱ्यास मात्र हेच २०० रुपये नफा वाटतात. तो पुनः पुनः ७०० ला खोली देतो, आणि घरांतली बाई का कंटाळली याचें त्याला नवल वाटतें.

संकेतस्थळांमार्फत पाहुणे येतात, त्यांच्या दलालीचाही विचार हवा. दलाली शेकडा १५ असली, तर १,५०० मध्यें १५ टक्के मिळवून १,७२५ सांगणें ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. दलाली १,७२५ वर कापली जाते. २५९ रुपये गेले कीं हातीं १,४६६ च राहतात. पूर्ण १,५०० हवे असतील तर १,५०० ला ०.८५ नें भागावें. दर सुमारें १,७६५ येतो. कराचें भय लहान घरांनीं फार बाळगूं नये. आपल्या नमुन्याची वर्षाची उलाढाल ४,०५,००० रुपये आहे, आणि सेवांसाठीं वस्तु व सेवा कराच्या नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा महाराष्ट्रांत २० लाख रुपये आहे.

शेजाऱ्यांशीं चढाओढ करून दर पाडणें हा दुसरा धोका. मंडणगड तालुक्यांतील वेळास या गांवाचें उदाहरण येथें घेण्यासारखें आहे. तेथें चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र संस्थेनें २००२ पासून सागरी कासवांच्या घरट्यांचें रक्षण सुरू केलें आणि २००६ पासून कासव महोत्सव भरूं लागला. पिलें समुद्राकडे जातांना पाहावयास येणारे लोक गांवकऱ्यांच्या घरींच उतरतात, आणि माणशीं, जेवणासह आकारणी करण्याची रीत तेथें रुळली आहे. एका आळींतील चार घरांनीं एकत्र बसून निदान खालचा आंकडा तरी ठरविला, तर कोणासच दुसऱ्याच्या घरांतील श्रम स्वस्त करण्याचें पाप लागणार नाहीं.

‘आपल्यांतलेच आहेत, कांहीं कमी करा,’ असा निरोप घेऊन येणारे परिचितांचे परिचित, हा प्रत्येक घराचा अनुभव आहे. येथें दोनच वर्ग ठेवावे. आप्त आले तर त्यांना घरांत घ्यावें, आपल्या पंक्तीला बसवावें आणि पैशाचा शब्द काढूं नये. ज्यांना खोली द्यावयाची त्यांना पूर्ण दर सांगावा. निम्मा आप्त व निम्मा गिऱ्हाईक असा तिसरा वर्ग केला कीं दोन्ही बाजूंनीं मन कलुषित होतें.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक, म्हणजे वांटणीचा. आपल्या नमुन्यांत वर्षाअखेर खर्च वजा जातां दोन रकमा उरतात : घरच्या श्रमांचे ८१,००० आणि वरकड ८१,०००. या दोन रकमा एक करूं नयेत. घर सर्व हिस्सेदारांचें आहे. २००५ सालच्या हिंदु उत्तराधिकार कायद्यांतील दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतींत मुलींचाही मुलांच्या बरोबरीनें हक्क आहे. तेव्हां वरकड रक्कम घराची. तिचें काय करावयाचें तें सर्व भाऊ-बहिणींनीं मिळून ठरवावें. परंतु पहिली रक्कम घराची नव्हे. ती गांवीं राहून जी राबली तिची, आणि ती तिच्याच नांवाच्या बँक-खात्यांत दरमहा जमा व्हावी. पुण्या-मुंबईच्या भावांनीं वर्षाअखेर हिशेब मागतांना या ओळीवर बोट ठेवूं नये. गांवच्या भावानेंही ती ओळ लिहावयास लाजूं नये. पुष्कळ घरांत भांडणें पैशावरून झालीं असें म्हणतात; पाहावें तर तीं न मोजलेल्या कष्टांवरून झालेलीं असतात.

ज्या घरांना या हंगामांत खोल्या सुरू करावयाच्या असतील, त्यांनीं पाटी रंगविण्यापूर्वीं एक वही घालावी. पहिल्या पानावर एक आठवडाभर कोणाचे किती तास गेले एवढेंच लिहावें. आणि तें पान पुरुषांनीं अंदाजानें न भरतां घरांतल्या बायकांना भरूं द्यावें, कारण खरा आंकडा त्यांनाच ठाऊक असतो. भाड्याचा दर त्या पानावरून ठरवावा. आणि गणपतीच्या दिवसांपुढें मात्र दर न लिहितां ‘खोल्या रिकाम्या नाहींत’ असें लिहावें. त्या दिवसांत कितीही मोल आलें तरी माडी आपल्या माणसांचीच असावी. एवढ्यासाठीं तर घर राखावयाचें आहे.