रेझिस्टन्स पाच मिनिटांत तुटत नसतो

ट्रेडिंग करणाऱ्या पोरांमध्ये दोन मतं पक्की रुजली आहेत. भाव एखाद्या पातळीवरून जितक्या वेळा मागे फिरला, तितका तिथला रेझिस्टन्स मजबूत. आणि पाच मिनिटांच्या चार्टवर त्याच्या वर एक हिरवी कॅन्डल बंद झाली की तो तुटला, घ्या. माझ्या मते दोन्ही चूक आहेत, आणि त्यापायी कष्टाचे पैसे जातात.

जालन्याच्या मोंढ्यात माल घालणाऱ्याला रेझिस्टन्स शिकवावा लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं. तो आकडा डोक्यात धरून पुढच्या हंगामांत कितीतरी जणांनी माल घरात ठेवला. भाव दोन-तीनशेंनी चढला की घरातली थप्पी हलते, आवक वाढते, भाव पुन्हा बसतो. २०२४ च्या काढणीला तर ४,८९२ रुपये हमीभावाच्याही खाली सौदे झाले. रेझिस्टन्स म्हणजे हाच, विकायचा राहिलेला माल. मग भाव तिथवर गेला की दर वेळी त्यातला थोडा विकला जाणार आणि उरलेला कमी होणार. नव्या हंगामाचा माल येऊन पडला तर गोष्ट वेगळी. एरवी वारंवारच्या धडकांनी पातळी घट्ट नव्हे, पोकळ होते.

आता दुसरं मत. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,३५७ पर्यंत गेला आणि कोसळला. नोव्हेंबर २०१० मध्ये ६,३३८ वरून परतला. ९ डिसेंबर २०१३ ला, विधानसभा निकालांच्या दुसऱ्या दिवशी, त्याने ६,४१५ गाठलं आणि ६,३६३ वर बंद दिला. रोजच्या चार्टवर रेझिस्टन्स तुटला होता. तो महिना मात्र ६,३०४ वर संपला आणि फेब्रुवारीत निर्देशांक सहा हजारांखाली आला. महिन्याच्या चार्टवर जुन्या उच्चांकावर पहिला बंद मिळाला तो मार्च २०१४ मध्ये, ६,७०४ ला. मे महिन्यात निफ्टी साडेसात हजारांपर्यंत जाऊन आला. सहा वर्षं अडकून बसलेले विकणारे एका दिवसाच्या तेजीत कसे संपतील?

कोणी म्हणेल, पाच मिनिटांचे ब्रेकआऊटही पैसे देतात. देतात, पण वर मोकळी जागा असेल तिथे. डोक्यावर दहा-वीस पॉइंटवर आठवड्याची किंवा महिन्याची जुनी पातळी असेल, तर तिथे घेणारा बहुधा जुन्या अडकलेल्यांची सुटका करून देतो. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात वायदे-ऑप्शनमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात निघाले. सगळा दोष टाइमफ्रेमचा नाही, हे मान्य. तरी ज्याला साडेतीनच्या आत सौदा मिटवायचाच आहे, त्यानेही सकाळी आधी महिन्याचा चार्ट उघडावा, मग आठवड्याचा, मग रोजचा. तिन्हींवर एकच पातळी आली तर तिच्याखाली खरेदी करू नये. पाच मिनिटांचा चार्ट कधी घ्यायचं एवढंच सांगतो. घ्यायचं की नाही, ते महिन्याच्या चार्टला विचारावं.