ई-मेल न पोंचण्याचें कारण

बिलोलीहून मुलें शिकावयास दूरदेशीं गेलीं, कीं घरचा महत्त्वाचा पत्रव्यवहार ई-मेलवरच येतो. प्रवेशाचें पत्र आलें नाहीं म्हणून पालक विद्यापीठास बोल लावितात. तें पुष्कळदां ‘स्पॅम’ नामक अडगळींत पडलेलें असतें. जीमेल तेथील पत्र तीस दिवसांनीं कायमचें पुसून टाकतें, आणि प्रवेशाची मुदत कोणासाठीं थांबत नाहीं! यास्तव ती अडगळ दर आठवड्यास चाळावी, कामाच्या पत्रावर ‘नॉट स्पॅम’चें बटण दाबावें.

संस्थेचींच पत्रें इतरांस पोंचत नसल्यास दोष पाठविणाराकडे शोधावा. संस्थेच्या नांवानें पत्र धाडण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांस, याची नोंद म्हणजे ‘एसपीएफ’. पत्रावरील मोहोर म्हणजे ‘डीकेआयएम’. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनें यांपैकीं एक तरी आवश्यक केलें आहे. नियम आम्हांस रास्तच वाटतो. ई-मेलांत दुसऱ्याचें नांव घालून पत्र धाडणें फार सोपें असतें.