दमा माहेरचा की घरातल्या धुराचा?

मूल रात्री खोकत उठू लागले, छातीत घरघर वाजू लागली, डॉक्टरांनी 'बालदमा' म्हटले, की अनेक घरांत पहिला सवाल उपचाराचा नसतो. "आमच्या खानदानात तर कुणाला दमा नाही, मग हा आला कुठून?" दादी विचारते आणि सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळतात. मुलगी असेल तर तिचा पंप पाहुण्यांपासून लपवला जातो. पुढे रिश्ता अडेल ही धास्ती. म्हणून या महिन्यात आम्ही याच सवालाकडे वळतो.

दम्यात वारशाचा वाटा आहे, हे खरे. आई किंवा वडील, कुणालाही दमा वा अ‍ॅलर्जी असेल तर मुलाला दमा होण्याची शक्यता वाढते. दोघांना असेल तर आणखी वाढते. मात्र दम्याचे असे एकच जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम एकत्र येतो आणि ती आई-वडील दोघांकडून येतात. ज्याला स्वतःला कधी धाप लागली नाही, त्याच्याकडूनही ती मुलाकडे जाऊ शकतात. तेव्हा एकट्या आईला दोष देणे हा सरळ अन्याय आहे.

शिवाय जनुके फक्त कल देतात. २००७ साली सतराव्या गुणसूत्राच्या एका भागाचा बालदम्याशी संबंध आढळला. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील कुटुंबांच्या अभ्यासात दिसले, की हा वारसा असलेल्या ज्या मुलांनी लहानपणी घरात तंबाखूचा धूर सोसला, त्यांचा धोका आणखी वाढला होता. वारसा तोच, पण घरातल्या सिगारेटने त्याला जोर दिला.

आता आपल्या नाशिकचे पाहू. केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवा मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या त्या यादीत नाशिकही आहे. शहराची हवा एका घराला बदलता येत नाही. पण जुन्या नाशकातल्या चिंचोळ्या गल्लीतल्या आपल्या खोलीची हवा बदलता येते.

विडी-सिगारेट घरात नको. गॅलरीतही नको, धूर आत येतोच. मच्छरांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. २००३ च्या एका अभ्यासानुसार एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत जातात. जुमेरातला लोबान जाळणे ही रीत आहे, फर्ज नव्हे. दमेकरी मूल असलेल्या घराने ती सोडावी. पावसाळ्यात भिंतीला ओल आणि बुरशी धरू देऊ नका. गादी-उशीत धुळीचे डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. खोळी-चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा.

आणि पंप. त्याची सवय लागत नाही. औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून अगदी थोडे पुरते. खोकला थांबला म्हणून रोजचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, बोलताना शब्द तुटत असतील किंवा ओठ निळसर दिसले, तर पंप देत देत लगेच इस्पितळ गाठा.

मुलीचा पंप दप्तरात, हाताशी राहू द्या आणि तो कसा घ्यायचा हे दादीलाही शिकवा. रात्री धाप लागली तर जवळ बहुधा तीच असते.