हातात मोबाइल आहे, मग पत्रकारितेचं शिक्षण कशाला?

ग्रॅज्युएशन झाल्यावर मुलीने घरी सांगितलं, "मला पत्रकारितेत एम.ए. करायचंय," की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "त्याला कॉलेज कशाला हवं? हल्ली ज्याच्या हातात मोबाइल, तो पत्रकार!"

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. डॉक्टर किंवा वकील व्हायचं तर पदवी आणि नोंदणी लागते. पत्रकार व्हायला आपल्या देशात असा कोणताही परवाना लागत नाही. म्हणूनच एक-दोन वर्षं आणि घरचे पैसे घालण्याआधी, त्यातून काय मिळणार हे तुम्ही विचारायलाच हवं.

काय छापायचं नाही?

समजा, तुमच्या भागात एका लहान मुलीवर अत्याचार झाला. चिडलेले शेजारी तिचा फोटो, शाळेचं नाव ग्रुपवर टाकतात. हेतू तिला न्याय मिळावा हाच असतो. पण पॉक्सो कायद्यानुसार अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. नाव गाळलं, पण इमारत आणि वडिलांचं दुकान सांगितलं, तरी ओळख पटतेच. एकदा पसरलेला फोटो परत घेता येत नाही आणि त्याची झळ त्या मुलीला आयुष्यभर लागते.

चांगल्या अभ्यासक्रमात हे कायदे शिकवतात आणि बातमी लिहिताना ते कसे पाळायचे याचा सरावही करून घेतात. तुमची कच्ची बातमी शिक्षक लाल शाईने रंगवतात. "हे कुणी सांगितलं? दुसऱ्या बाजूला विचारलंस का? कागद कुठे आहे?" हे प्रश्न वर्गात ऐकायची सवय झाली, की पुढे चुकीच्या बातमीची किंमत कुणा तिऱ्हाइताला मोजावी लागत नाही.

कागद वाचायला शिका

रस्ता खराब आहे हे मोबाइलवर दाखवता येतं. त्यावर किती खर्च झाला, ठेका कुणाला मिळाला, हे कागदांतूनच कळतं. माहितीचा अधिकार कायदा २००५ सालचा आहे. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. अर्ज नेमका कसा लिहायचा, अर्थसंकल्प आणि न्यायालयाचा निकाल कसा वाचायचा, हे शिकलेल्या विद्यार्थ्याची बातमी सहज खोडता येत नाही.

पदवी की पदविका?

पत्रकारितेच्या बहुतेक अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. उलट, कॉमर्स किंवा शेतीचं शिक्षण झालेलं असेल, तर त्या विषयांच्या बातम्यांत तुमचं पारडं जड राहतं.

एम.ए. सहसा २ वर्षांचं, तर पदव्युत्तर पदविका सहसा १ वर्षाची असते. लवकर कामाला लागायचं असेल तर पदविका सोयीची. पुढे महाविद्यालयात शिकवायची इच्छा असेल, तर मात्र एम.ए.चाच विचार करा.

दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ साली सुरू झाली. तिचं एक केंद्र अमरावतीला आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम चालतो. दिल्लीतच जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठाचं जनसंचार केंद्र आहे. पुण्यात विद्यापीठाचा 'रानडे इन्स्टिट्यूट' म्हणून ओळखला जाणारा विभाग आहे, तर चेन्नईत एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम. फी आणि प्रवेशपद्धत यांत बराच फरक असतो, म्हणून अर्ज करण्याआधी संस्थेची वेबसाइट नक्की पाहा.

मराठी ओझं नव्हे

तुम्ही इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला वाढला असाल, तर घरची मराठी, बाहेरची हिंदी, गुजराती किंवा तेलुगू आणि शाळेतलं इंग्रजी तुमच्याकडे आयतंच आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेलं 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्रसुद्धा मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघत असे. दोन भाषा येणारा वार्ताहर दोन घरांत बसून माणसांचं बोलणं ऐकू शकतो.

फी भरण्याआधी

इमारत आणि स्टुडिओ पाहून भुलू नका. आताच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि चार गोष्टी विचारा : आठवड्याला किती बातम्या लिहून घेतात? त्या तपासून परत देतात का? विद्यार्थ्यांचं स्वतःचं वृत्तपत्र किंवा वेबसाइट आहे का? इंटर्नशिप खरोखर न्यूजरूममध्ये मिळते का?

उत्तरं समाधानकारक नसतील, तर ते पैसे वाचवा आणि एखाद्या स्थानिक वृत्तपत्रात उमेदवारी करा. उत्तरं चांगली मिळाली, तर घरच्यांना निःशंकपणे सांगा की मोबाइल सगळ्यांकडेच आहे, पण 'पाठवा'चं बटण दाबण्याआधी थांबून खात्री करणं शिकावं लागतं.