उपहासाला न भिणारे सैन्य

जोसेफ हेलर यांची ‘कॅच-२२’ ही कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अमेरिकी समीक्षकांत दोन तट पडले. कुणी तिला विस्कळीत ठरविले, कुणी डोक्यावर घेतले. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात तरुण वाचकांनी तिला युद्धविरोधाचे निशाणच केले. परंतु हेलर हे स्वतः दुसऱ्या महायुद्धात ६० हवाई मोहिमांवर गेलेले सैनिक! त्यांचा उपहास शौर्याचा नाही. स्वतःच्या बढतीसाठी मोहिमांची संख्या वाढवीत नेणाऱ्या वरिष्ठांचा आहे. कादंबरीच्या पंचविशीनिमित्त १९८६ साली खुद्द अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीनेच त्यांना निमंत्रित केले, हे लक्षात घ्यावयास हवे. दोष दाखविणाऱ्या हास्याने सैन्य दुबळे होत नसते. ते दुबळे होते खुशामतीने.