दूध आटते, ते कशामुळे?



बाळंतपणाची रजा संपत आली की बाईला चहूकडून एकच सल्ला मिळतो : ‘आता वरचं दूध सुरू कर.’ दिवसभर बाळ प्यायले नाही, दूध काढलेही नाही, तर ते आटू लागते. ठपका मात्र आईवर!

वास्तविक, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी रोज दोन वेळा, पगार न कापता, सवड द्यावी असे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानेच सांगितले. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत.

पण मूल घरी आणि आई लोकलने तासभर दूर, तर ती सवड कागदावरच. म्हणून वेळेबरोबर जागाही मागू या : जवळ पाळणाघर, दूध काढायला कडी लावता येईल अशी खोली, ते ठेवायला फ्रिज. ‘आमच्याकडे बायका थोड्याच’ ही सबब ऐकून घेऊ नका. त्या पन्नासांत पुरुषही मोजायचे असतात.

आणि ऊसतोडणीला, धुण्याभांड्याला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणी? त्यांचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही. त्यांच्यासाठी वस्तीत, फडाजवळ पाळणाघरे सरकारनेच चालवायला हवीत.

अंगावर पाजायचे की नाही, किती दिवस, हे बाईने ठरवावे. तिच्या मालकाने नव्हे.